क्रूझवर ड्रमर व्हायचंय? माझे मडगावचे आठ महिने, स्विमिंग पूलमधली उडी आणि पहिली बोट

मी कुडाळचा. लहानपणी डबलबारी भजनात मृदंग, नंतर ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड आणि ड्रम. कुठलंही गाणं दोनदा ऐकलं की वाजवायचो, त्यामुळे क्रूझच्या शो बँडची ऑडिशन निघेल अशी पक्की खात्री होती. व्हिडिओ कॉलवर समोर चार्ट (गाण्याचं लिहिलेलं नोटेशन) उघडला, क्लिक (लयीची टिकटिक) सुरू झाला आणि आठव्या बारला (ठरावीक मात्रांचं एक घर म्हणजे बार) मी थांबलो, कारण मला कागद वाचताच येत नव्हता. हे सगळ्यात आधी सांगतोय कारण आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रातली चांगली चांगली पोरं इथेच अडकतात. हात तयार असतो, कानही तयार असतो, पण नोटेशन कोणी शिकवलेलंच नसतं.

म्हणून मडगाव. दर शनिवारी ट्रेनने जायचं, रात्री मित्राच्या खोलीवर राहायचं, रविवारी परत, असे आठ महिने. मडगावच्या जरा अलीकडे माजोर्डा स्टेशन लागतं, हिंदी सिनेमाचे व्हायोलिनवादक आणि अरेंजर अँथनी गोन्साल्विस तिथले. गोव्यात चर्चच्या शाळांतून पोरांना सोल्फेजिओ (स्वर वाचून गाणं) आणि व्हायोलिन शिकवायची पद्धत पोर्तुगीज काळापासूनची, त्यामुळे तिकडच्या कितीतरी घरांत स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरचं पाश्चात्त्य स्वरलेखन) वाचणं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, आणि बोटींवर इतके गोवेकर म्युझिशियन दिसतात त्यात याचा मोठा वाटा आहे असं मला वाटतं.

सर साठीचे, स्वतः बरीच वर्षं बोटीवर वाजवून आलेले. पहिला महिनाभर त्यांनी मला ड्रमसेटला हात लावू दिला नाही. प्रॅक्टिस पॅड, पेन्सिल आणि कागद, बस्स. ‘आदीं वाच, मागीर वाजय,’ हे त्यांचं ठरलेलं. मी मृदंगवाला आहे हे कळल्यावर त्यांनी रिदम बोलांतून बसवला. एका बीटचे चार भाग म्हणजे त क धि मि, आता फक्त क आणि मि वर टाळी दे, बाकीचं मनात म्हण. मग तेच कागदावर सोळाव्या नोटमध्ये लिहून दाखवायचे आणि डोक्यात प्रकाश पडायचा, की अरे हे तर आपल्याला येतं, फक्त ते कागदावर कसं दिसतं ते माहीत नव्हतं. समेच्या अर्धी मात्रा आधी येणारी हिट आपण भजनात सहज घेतो, चार्टवर ती चौथ्या बीटच्या ‘अँड’वर लिहिलेली असते. तबला-मृदंगवाल्यांनी ही वाट जरूर धरावी, मला तरी तिचा फार फायदा झाला.

ड्रमरच्या चार्टवर सगळं लिहिलेलं नसतं हेही नीट समजून घ्या. बरेच बार नुसत्या तिरप्या रेघा असतात, म्हणजे टाइम (ठेका) चालू ठेव. वर बारीक नोट्स असतात त्या ब्रासच्या हिट्स, त्यांच्या आधी छोटा फिल (भरणीचा तुकडा) टाकून बँडला उचलायचं काम आपलं. म्हणून वाजवायच्या आधी मिळतात त्या वीस-तीस सेकंदांत टेम्पो, टाइम सिग्नेचर, रिपीट कुठून कुठे, डी. एस. (खुणेपर्यंत मागे जा) कुठे नेतो आणि कोडा (शेवटचा भाग) कुठे आहे एवढंच बघा. फिल नंतर सुचेल. आणि हरवलात तरी टाइम सोडू नका, पुढच्या सेक्शनच्या खुणेला परत पकडा. मी पहिल्यांदा थांबलो तीच माझी खरी चूक होती. रोज एक कधीही न पाहिलेला चार्ट, क्लिक लावून, एकदाच वाजवायचा. तोच चार्ट दहा वेळा वाजवलात तर तो पाठ होतो, वाचन सुधारत नाही.

स्टाइल्समध्ये स्विंग, शफल, बोसानोव्हा, सांबा, चा-चा, वॉल्ट्झ, फंक आणि डिस्को पक्के हवेत, आणि ब्रश (स्टिकऐवजी तारांचे, मऊ आवाजासाठी). हळू आवाजात वाजवणं मला सगळ्यात जड गेलं, मांडवात वाजवून वाजवून हात जड झालेले असतात आणि तिकडे लाउंजमध्ये दोन मीटरवर लोक गप्पा मारत बसलेले असतात. वाचन अजिबात नको असेल तर पार्टी बँडची वाट आहे, तिथे शेकडो गाणी पाठ हवीत आणि गाता येत असेल तर दुधात साखर.

दुसरी ऑडिशन निघाली. मग कागदपत्रं. आधी पासपोर्ट, मग डीजी शिपिंगचा (जहाजवाहतुकीचं सरकारी खातं) इंडोस नंबर (खलाशाचा ओळख क्रमांक), मग एसटीसीडब्ल्यूचे (खलाशांच्या प्रशिक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार) बेसिक सेफ्टी कोर्स, मेडिकल आणि सीडीसी (खलाशाचं ओळखपुस्तक). मी कोर्स मुंबईला केले. स्विमिंग पूलमध्ये उंचावरून उडी मारताना एका हाताने नाक, दुसऱ्याने लाइफजॅकेट घट्ट दाबून पाय जुळवायचे, नजर समोर. विहिरीत पोहलेलो असूनही वर उभा राहिल्यावर पोटात गोळा आला होता. उलटा झालेला राफ्ट (जीव वाचवायचा फुगवलेला तराफा) सरळ करताना तो अंगावरच येतो, तेव्हा घाबरू नका, पाठीवर होऊन खालून बाहेर या. प्रथमोपचारात छाती दाबायचा वेग मिनिटाला १०० ते १२०, आणि तीस दाबांनंतर दोन श्वास. ते मात्र मी पहिल्या झटक्यात बरोबर केलं, वर्षानुवर्षं ११० च्या क्लिकवर सराव केल्याचा असाही उपयोग होईल असं कधी वाटलं नव्हतं.

पैशाबद्दल कळकळीने सांगतो. एका एजंटने नोकरी लावायचे म्हणून माझ्याकडे मोठी रक्कम मागितली, घरी आई दागिने मोडायला तयार झाली होती. देऊ नका. मेरीटाइम लेबर कन्व्हेन्शन २००६ प्रमाणे नोकरी लावण्यासाठी खलाशाकडून फी घेता येत नाही, आणि बोटीवरचा म्युझिशियनही त्यात येतो. मेडिकल, सीडीसी, पासपोर्ट यांचा खर्च आपला असू शकतो, व्हिसाचा खर्च बोटमालकाचा. एजन्सीकडे डीजी शिपिंगचं आरपीएसएल (खलाशी भरतीचं) लायसन्स आहे का ते आधी तपासा. अमेरिकेतून जॉइन करायचं असेल तर सी-वन-डी (जहाजावरच्या क्रूचा) व्हिसा लागतो, मुंबईत त्याचा इंटरव्ह्यू बीकेसीला. जॉइनिंगच्या तारखेआधी भरपूर वेळ हातात ठेवा. यलो फीव्हरची लस लागणार असेल तर तिचं सर्टिफिकेट लस घेतल्यानंतर १० दिवसांनी लागू होतं, तेव्हा ती शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका.

मी मायामीला चढलो. पहिल्याच दिवशी सेफ्टी ट्रेनिंग, सात छोटे आणि एक लांब भोंगा वाजला की आपण ड्रमर नाही, क्रू. ठरलेल्या जागी जाऊन पॅसेंजरना सांभाळायचं. तिसऱ्या दिवशी पाहुणी गायिका आली, दुपारी चौदा चार्ट हातात दिले, एकच रिहर्सल आणि रात्री दोन शो. दुसऱ्या गाण्यात चार बार वॉल्ट्झमध्ये जात होते, त्यावर मी पेन्सिलने मोठा गोल केला, आणि रात्री तो गोल दिसला तेव्हा हात आपोआप वळला. शो संपल्यावर सरांना मेसेज केला. त्यांचा एवढाच उलट मेसेज आला, ‘कोडा चुकूंक ना मरे?’ नाही चुकलो सर.

सामानात स्टिकच्या दहा जोड्या तरी न्या, समुद्रावर दुकान नाही. ब्रशच्या दोन जोड्या, स्वतःचे इन-इअर (स्टेजवर ऐकायचे इअरफोन), काळे शर्ट-पँट आणि पॉलिश होणारे काळे बूट, प्रॅक्टिस पॅड आणि मऊ पेन्सिली. केबिन शेअरिंगची असते, त्यामुळे पॅड उशीवर ठेवून वाजवा, शेजारचा झोपलेला असतो.