मेट्सचे 37 कोटी डॉलर नेमके कुठे अडकले

2023 चा न्यू यॉर्क मेट्स हा तोवरचा बेसबॉलमधला सर्वांत महागडा संघ. लक्झरी टॅक्ससाठी (पगारावर ठराविक रेषेपलीकडे खर्च केला की क्लबला भरावा लागणारा कर) धरलेली पगाराची बेरीज 37.47 कोटी डॉलर, वर टॅक्स 10 कोटी डॉलरपेक्षा जास्त. त्याआधीचा टॅक्सचा विक्रम 2015 च्या डॉजर्सचा, सुमारे 4.36 कोटींचा. एवढं करून हाती लागले 75 विजय, 87 पराभव आणि नॅशनल लीग ईस्ट या पाच संघांच्या गटात चौथा क्रमांक. आदल्या वर्षी याच संघाने 101 सामने जिंकले होते.

पैशाने विजय विकत घेता येत नाहीत, असं तेव्हा जो तो म्हणत होता. मला हे पटत नाही. पैशाने चांगले खेळाडू येतात आणि चांगल्या खेळाडूंनी सामने जिंकले जातात. मेट्सचा पैसा वरच्या थरात जाऊन बसला आणि संघ मधल्या थरात फुटला. हे कसं झालं ते समजायला आधी टॅक्सचं गणित बघावं लागतं, कारण दुखण्याचं मूळ बऱ्याच अंशी तिथे आहे.

मेजर लीगमध्ये, म्हणजे हे संघ खेळतात त्या सर्वांत वरच्या लीगमध्ये, पगारावर पक्की मर्यादा नाही. एक रेषा आहे, तिच्या वर गेलं की टॅक्स लागतो. 2023 मध्ये ती रेषा 23.3 कोटींवर होती. हिशेब त्या वर्षी दिलेल्या चेकवर होत नाही, करार जितक्या वर्षांचा त्याच्या सरासरीवर होतो. शिवाय विमा, पेन्शन वगैरे लाभांचा क्लबचा वाटा त्यात धरतात. मेट्स सलग दुसऱ्या वर्षी रेषेच्या वर होते, म्हणून त्यांचा मूळ दर 30 टक्के. 25.3 कोटींच्या पुढे 42 टक्के, 27.3 च्या पुढे 75 आणि 29.3 च्या पुढे 90. ही शेवटची पायरी 2022 च्या कामगार करारात नव्याने आली. मालक स्टीव्ह कोहेन यांनी 2020 मध्ये क्लब घेतल्यापासून हात सैल सोडला होता, त्यामुळे तिला नावच 'कोहेन टॅक्स' पडलं. मेट्स या शेवटच्या पायरीच्याही आठ कोटी वर होते. फक्त तेवढ्या भागाचा टॅक्स सात कोटींच्या वर जातो. तिसरी रेषा ओलांडली की ड्राफ्टमधली, म्हणजे नव्या तरुण खेळाडूंच्या वार्षिक वाटपातली, पहिली निवडही साधारणपणे दहा जागा खाली सरकते.

आता याचा रोजच्या कामावर काय परिणाम होतो ते बघा. मे महिन्यात तुम्हाला एक साधा, भरवशाचा रिलीव्हर हवा आहे, म्हणजे सामना सुरू करणाऱ्या पिचरनंतर चेंडू टाकायला येणारा पिचर. त्याचा पगार 50 लाख डॉलर. दुसऱ्या क्लबला तो 50 लाखांनाच पडेल, मेट्सना 95 लाखांना. मोठे तारे डिसेंबरमध्ये घेऊन झालेले असतात, त्यांचं मोठं मोल तेव्हाच मान्य केलेलं असतं. नंतर लागणारी किरकोळ डागडुजी मात्र जवळपास दुप्पट भावाने करावी लागते. म्हणून ती टाळली जाते. त्यातच गेलेल्या खेळाडूंची ओझी डोक्यावर होती: 2022 मध्येच सोडून दिलेल्या रॉबिन्सन कनोचे सुमारे दोन कोटी आणि ओरिओल्सना दिलेल्या जेम्स मॅककॅनच्या उरलेल्या 2.4 कोटींपैकी 1.9 कोटी. यातून मैदानावर एक चेंडूही पडला नाही.

पिचिंगचा कणा दोन माणसांवर उभा होता. मॅक्स शर्झर 38 वर्षांचा, वर्षाला 4.33 कोटी. जेकब डीग्रॉम टेक्सास रेंजर्सकडे गेल्यावर त्याच्या जागी आलेला जस्टिन व्हर्लँडर 40 वर्षांचा, त्यालाही वर्षाला 4.33 कोटी, दोन वर्षांसाठी. ही निवड वेडेपणाची होती असं मी म्हणणार नाही. म्हाताऱ्या पिचरला पैसा जास्त द्यावा लागतो पण वर्षं कमी द्यावी लागतात. करार फसला तरी दोन वर्षांत सुटका होते. अडचण पैशाची नव्हती, इनिंगची होती. (इनिंग म्हणजे प्रतिस्पर्ध्याचे तीन जण बाद करायची पाळी; सामन्यात अशा नऊ.)

तो हिशेब असा. हंगामात 162 सामने. स्टार्टर, म्हणजे सामना सुरू करणारा पिचर, सरासरी सहा इनिंग टाकत असेल तर बुलपेनकडे, म्हणजे रिलीव्हरांच्या ताफ्याकडे, प्रत्येक सामन्यातल्या तीन, म्हणजे जवळपास 486 इनिंग उरतात. स्टार्टर पाचवर आला की त्याच 648 होतात. एका रिलीव्हरचा खांदा हंगामात साधारण 60 ते 70 इनिंग सोसतो. म्हणजे तुम्हाला सातऐवजी दहा माणसं लागतात, आणि 26 जणांच्या संघात पिचर जास्तीत जास्त 13 ठेवता येतात. पाच स्टार्टर गेले की बुलपेनमध्ये आठच. उरलेली माणसं मायनर लीगमधून, म्हणजे खालच्या लीगमधल्या संघांतून, वरखाली करावी लागतात. ते फक्त ज्यांचे 'ऑप्शन' (खाली पाठवायची मुभा) शिल्लक आहेत अशा तरुण पिचरांच्या बाबतीत मोकळेपणाने जमतं. अनुभवी पिचर थकला तरी त्याला सहज खाली पाठवता येत नाही. तो जागा अडवून बसतो.

आणि मेट्सच्या स्टार्टरांचं काय झालं? होजे क्विंटाना बरगडीच्या दुखण्याने जुलैपर्यंत बाहेर. व्हर्लँडरचा खांद्यामागचा स्नायू दुखावला, त्याचा पहिला सामनाच 4 मे रोजी. शर्झरला एप्रिलमध्ये हाताला चिकट पदार्थ लागल्याच्या कारणावरून दहा सामन्यांची बंदी. कार्लोस कॅरास्कोचं कोपर धरलं. हंगामाअखेर त्याचा ईआरए (नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर पडलेल्या धावा; कमी तितकं चांगलं) 6.80. जपानहून आलेला कोडाई सेंगा तेवढा उभा राहिला: 2.98 ईआरए आणि 202 स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले फलंदाज). त्याचा फोर्कबॉल प्लेटजवळ असा अचानक बुडतो की बॅट हवेतच फिरते. पण एक सेंगा पाच दिवसांतून एकदाच येतो.

ज्या माणसामुळे या सगळ्यावर पांघरूण पडलं असतं तो हंगाम सुरू व्हायच्या आतच गेला होता. क्लोजर म्हणजे आघाडी हातात असताना शेवटची इनिंग टाकणारा पिचर. क्रिकेटमध्ये विसावं षटक ज्याच्या हाती बिनधास्त देता येतं, तसा. एडविन डियाझ 2022 मध्ये या कामात अद्वितीय होता: 62 इनिंगमध्ये 118 स्ट्राइकआउट, ईआरए 1.31. त्याला पाच वर्षांचे 10.2 कोटी मिळाले. 15 मार्च 2023 ला मायामीत वर्ल्ड बेसबॉल क्लासिकमध्ये पोर्तो रिकोने डॉमिनिकन रिपब्लिकला हरवलं. शेवटचा बाद डियाझनेच घेतला. सहकारी धावत आले, घोळका करून उड्या मारू लागले आणि त्या घोळक्यातच तो खाली बसला. उजव्या गुडघ्याच्या वाटीखालचा टेंडन फाटला होता. व्हीलचेअरवरून त्याला बाहेर नेलं. पूर्ण हंगाम संपला.

क्लोजर गेला की नुकसान फक्त नवव्या इनिंगचं होत नाही. आठवी टाकणारा नववीत जातो, सातवी टाकणारा आठवीत, आणि सहाव्या-सातव्यात असा माणूस येतो ज्याला एरवी सामना हरलेला असतानाच चेंडू दिला असता. डेव्हिड रॉबर्टसनने नववी इनिंग उत्तम सांभाळली, पण त्याची मूळ जागा रिकामीच राहिली.

जूनमध्ये हे उघडं पडलं. अटलांटात 6 ते 8 जून ब्रेव्ह्जविरुद्ध तीन सामने. तिन्हींमध्ये मेट्सकडे किमान तीन धावांची आघाडी होती आणि तिन्ही हरले. शेवटचा दहाव्या इनिंगमध्ये, ओझी अल्बीजच्या होम रनवर, 13-10 ने. दहा धावा करूनही हार! त्याच मालिकेत मेट्सचा फलंदाज पीट अलोन्सो याच्या मनगटावर चेंडू बसून तो बाहेर गेला. जूनचा हिशेब झाला 7 विजय, 19 पराभव.

यापुढचा भाग मला या कहाणीत सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि त्याबद्दलच कमी बोललं जातं. जुलैअखेर क्लबने विक्री काढली. शर्झर रेंजर्सकडे गेला. त्याच्या उरलेल्या करारातले 2.25 कोटी रेंजर्सनी उचलले, बाकीचे सुमारे 3.5 कोटी मेट्सनी भरले आणि बदल्यात लुईसआंजेल अकुन्या हा तरुण इन्फिल्डर मिळवला. व्हर्लँडर ह्यूस्टनला परत गेला, सोबत मेट्सचे 3.5 कोटी. त्याचा 2025 चा ऑप्शन, म्हणजे करार एका वर्षाने वाढवणारी अट, लागू झाला तर आणखी 1.75 कोटी द्यायचे असं ठरलं होतं. तो लागू झालाच नाही. बदल्यात ड्र्यू गिल्बर्ट आणि रायन क्लिफर्ड हे दोन तरुण खेळाडू. क्लबने स्वतः पगार भरला नसता तर चाळिशीच्या पिचरसाठी कुणी आपला चांगला प्रॉस्पेक्ट, म्हणजे पुढे चमकेल असा तरुण, सोडला नसता. ड्राफ्टच्या निवडी टॅक्सपायी मागे सरकलेल्या असताना तरुण खेळाडू मिळवायचा हा एवढाच रस्ता उरला होता आणि कोहेन यांनी तो न कचरता धरला. माझ्या मते त्या वर्षी खर्च केलेल्या पैशातला हाच सर्वांत शहाणा.

शर्झरला घेणाऱ्या रेंजर्सनी त्याच वर्षी वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाची अंतिम मालिका, जिंकली, तीही मेट्सनी विकलेला टॉमी फॅम ज्या संघात होता त्या ॲरिझोनाला हरवून. मॅनेजर बक शोवॉल्टर हंगामाच्या शेवटच्या दिवशी गेले, जनरल मॅनेजर बिली एप्लर यांनी काही दिवसांत राजीनामा दिला, आणि बेसबॉलचा कारभार डेव्हिड स्टर्न्स यांच्याकडे आला.

सप्टेंबर 2024 मध्ये मेट्सच्याच फ्रान्सिस्को लिंडोरची पाठ धरली तेव्हा अकुन्याने 14 सामन्यांत .308 ची फलंदाजी-सरासरी राखली आणि तीन होम रन मारले; मेट्स 89 विजयांसह प्लेऑफमध्ये गेले आणि नॅशनल लीगच्या अंतिम मालिकेत डॉजर्सकडून हरले. पुढच्या हंगामासाठी फलंदाज हुआन सोटोचा 15 वर्षांचा 76.5 कोटींचा करार आला. 12 जून 2025 ला संघ 45-24 (विजय-पराभव) वर होता. त्याच दिवशी पहिल्या बेसवर चेंडू घ्यायला धावताना सेंगाचा हॅमस्ट्रिंग गेला. स्टार्टर पुन्हा पाच इनिंगही टाकेनात, बुलपेन पुन्हा दमलं. जुलैअखेर रिलीव्हर टायलर रॉजर्स घेण्यासाठी जायंट्सना जे तिघे दिले, त्यात व्हर्लँडरचा पगार भरून आणलेला गिल्बर्ट होता. 28 सप्टेंबरला मायामीत 4-0 हरून 83-79 वर हंगाम संपला. सिनसिनाटीचे विजय तेवढेच होते, पण टायब्रेकर त्यांच्या बाजूने होता, म्हणून प्लेऑफची शेवटची जागा त्यांना मिळाली.