शार्त्रची वाट आणि चांभारांची खिडकी

फ्रान्समधल्या शार्त्र शहराकडे पायी जाताना रांबुयेचं जंगल मागे पडलं की बोसचं मैदान लागतं. दोन्ही बाजूंना नुसता गहू. शार्त्रच्या कॅथेड्रलचे दोन मनोरे, एक साधा नि एक नक्षीदार, फार लांबूनच दिसतात, पण तासन्‌तास चाललं तरी जवळ येत नाहीत. पेन्टेकॉस्टच्या, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरल्याच्या सणाला पॅरिसहून निघणारी ही पायी यात्रा जवळजवळ 100 किलोमीटरची. पुढे क्रूस, मागे झेंडे, तोंडात रोझरी, म्हणजे मरियेच्या जपमाळेची प्रार्थना.

आत शिरल्यावर गर्दी होते ती निळ्या झग्यातल्या मरियेच्या रंगीत काचेच्या खिडकीपुढे. 1194 च्या आगीत जुनं कॅथेड्रल जळालं, त्यातून ही काच वाचली. मी हात जोडले आणि दक्षिणेकडच्या बाजूला वळले. मला चांगल्या शोमरोन्याची, म्हणजे येशूच्या गोष्टीत जखमी वाटसरूला मदत करणाऱ्या परक्या माणसाची खिडकी बघायची होती.

तेराव्या शतकाच्या सुरुवातीची ही खिडकी खालून वर वाचायची. तळाशी कामात गढलेले चांभार. खिडकी त्यांनीच दिली असं मानतात. आषाढीच्या वाटेवर वारकऱ्यांच्या चपला पैसे न घेता शिवून देणारे आपले चांभार मला तिथे आठवलेच. त्यांच्या वर लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातली येशूने सांगितलेली ती गोष्ट: यरुशलेमेहून यरीहोला निघालेला वाटसरू, दबा धरून बसलेले लुटारू, बघून पुढे गेलेले याजक (यहुदी पुरोहित) आणि लेवी (मंदिरातला सेवक), जखमा बांधणारा शोमरोनी, उतारशाळा. आणि तिच्याही वर, त्याच खिडकीत, आदाम-हव्वा, निषिद्ध फळ, एदेन बागेतून हकालपट्टी, हाबेलचा खून. अगदी शेंड्याला सिंहासनावरचा ख्रिस्त.

या दोन गोष्टींची जोड जुनी आहे. तिसऱ्या शतकातला ख्रिस्ती पंडित ओरिगेन याच्या लिखाणातही ती सापडते. वाटसरू म्हणजे आदाम, यरुशलेम म्हणजे नंदनवन, यरीहो म्हणजे हे जग, शोमरोनी म्हणजे ख्रिस्त, उतारशाळा म्हणजे ख्रिस्तसभा. लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही शिकलो ते ‘तूही जाऊन तसंच कर’. म्हणजे शोमरोनी मी व्हायचं. ही खिडकी मला रस्त्यात पडलेल्या माणसाच्या जागी ठेवते. यात्रेच्या मुक्कामाच्या तळावर अनोळखी स्वयंसेवकांनी माझे पाय पुसून फोडांवर पट्ट्या बांधल्या होत्या, त्यामुळे ते लगेच पटलं.

याच अर्थातला एक भाग मात्र मला खटकतो. याजक आणि लेवी म्हणजे माणसाला वाचवू न शकलेलं जुनं नियमशास्त्र, असंही त्यात म्हटलंय, आणि अशाच वाचनातून यहुद्यांना कमी लेखण्याची सवय रुजत गेली. येशू स्वतः यहुदी होता. याचं उत्तर मला त्याच कॅथेड्रलमध्ये, दक्षिण दाराच्या वर असलेल्या मोठ्या गुलाबाकृती खिडकीखाली मिळालं. तिथे जुन्या करारातले चार उंच यहुदी संदेष्टे उभे आहेत आणि त्यांच्या खांद्यांवर चार शुभवर्तमानकार, म्हणजे येशूचं चरित्र लिहिणारे: यशयावर मत्तय, यहेज्केलवर योहान, दानीएलवर मार्क. शोमरोन्याची गोष्ट ज्याने लिहून ठेवली तो लूक बसलाय यिर्मयाच्या खांद्यांवर.