ओठांच्या बामातलं एक टक्का पेपरमिंट

परत आलेल्या सात डब्यांची तक्रार एकच होती: लावलं की आग होते, आणि थोड्या वेळाने ओठ आधीपेक्षा कोरडे. मला पहिली शंका पाकाची आली.

तेलपाक, म्हणजे औषधी वनस्पती घालून तेल शिजवणं, मी १:४:१६ नेच करते. ज्येष्ठमधाचा कल्क (वाटलेला लगदा) १, तिळाचं तेल ४, काढा १६, आच मंद. तेलावर फेस आला की कल्क बोटांत वळून पाहायचा. बोटाला न चिकटता त्याची वात वळली, तर ती विस्तवावर धरायची. चटचटली तर पाणी उरलंय. घाईत हीच परीक्षा टाळतात आणि मग डबीत बुरशी धरते. या खेपेची वात मुकाट जळाली होती.

१०० ग्रॅम बामात हे तेल ५४, भिरंडेल २५, मधमाशांचं मेण २०. भिरंडेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल, अर्धवट वितळवून चालत नाही. ७०-७५ अंशांवर पंधरा-वीस मिनिटं ठेवून झटकन गार करायचं. सावकाश थिजलं तर रवा धरतं आणि ते कण फुटलेल्या ओठावर घासतात. पण बाम लोण्यासारखा मऊ होता.

उरला तो १ ग्रॅम, पेपरमिंटचं तेल. विक्रीवाल्यांच्या हट्टापायी घातलेलं, 'लावल्याचं जाणवलं पाहिजे' म्हणून. त्यातल्या मेन्थॉलने ओठ गार होत नाही, नुसता गारवा भासतो. सालं निघालेल्या ओठावर तेच झोंबतं. मग माणूस जीभ फिरवत राहतो आणि लाळ सुकली की ओठ आणखी कोरडा पडतो. वनस्पतीचं आहे म्हणजे सौम्यच, या समजुतीने आमच्या धंद्याचं फार नुकसान केलंय.

पेपरमिंट काढलं, तेल ५५ केलं. सहा जणांची आग थांबली, सातवीची नाही. तिच्या ओठांचे कोपरे चिरलेले नाहीत, त्यामुळे तिथल्या बुरशीच्या संसर्गाची शंका मागे पडते. माझा संशय आता मेणावर आहे. पिवळ्या कच्च्या मेणात प्रोपोलिसचा, म्हणजे मधमाशांच्या पोळ्यातल्या चिकट राळेचा, अंश राहतो आणि काहींना त्याची अ‍ॅलर्जी असते. बाम बंद करून तिला पॅच टेस्टसाठी (त्वचेवर पट्टी लावून करायची अ‍ॅलर्जीची चाचणी) त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवलंय. इकडे कँडेलिला या वनस्पतीच्या मेणावर नवी खेप लावलीय. ते बरंच कडक, म्हणून २० ऐवजी ११ ग्रॅम, बाकीचे ९ तेलाचे. पहिल्या ओतणीला डबीच्या मधोमध खड्डा पडला.