मालक आलाच नाही, तरी साक्ष द्यावी लागली

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, मी वीस वर्षं मोल्डर (साचे करणारा) होतो. 30 जून 2023 ला वयाची 58 वर्षं झाली म्हणून काम थांबलं. ग्रॅच्युइटीचं, म्हणजे नोकरी सुटताना सेवेच्या वर्षांप्रमाणे मिळणाऱ्या रकमेचं, विचारलं तर मालक म्हणाले, "बघूया, सध्या मंदी आहे." मग मी खेपा घालत राहिलो. शेवटी शेवटी वॉचमन गेटच्या आतही सोडेना.

गल्लीतले तात्या पूर्वी युनियनचं काम बघायचे. ते म्हणाले, "तोंडानं मागून काय मिळायचं नाही गा. लेखी माग, रजिस्टरनं पाठव आणि पावती जपून ठेव." ऑगस्टमध्ये तसं केलं. उत्तर आलं नाही, म्हणून ऑक्टोबरमध्ये सहायक कामगार आयुक्तांकडे अर्ज दिला. तेव्हा लागू असलेल्या ग्रॅच्युइटीच्या 1972 च्या कायद्याखालचे दावे तेच ऐकायचे.

त्यांच्या नोटिसा कन्नडमधून यायच्या. मला कन्नड बोलायला येतं, वाचायला येत नाही. आठवीतली नात वाचून दाखवायची आणि तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवायची. ती नसती तर पहिलीच तारीख माझ्या हातून गेली असती.

मालकांना गेलेली नोटीस परत आली. पाकिटावर पोस्टमननं 'घेण्यास नकार' असा शेरा मारला होता. दुसरी नोटीसही तशीच परत आली. तारखेला त्यांच्या बाजूनं कुणीच नाही. मला वाटलं, झालं, आता आजच निकाल लागणार. आयुक्त साहेबांनी मला समोर बसवून सांगितलं, "ते आले नाहीत, म्हणून एकतर्फी ऐकतो. पण तुम्ही किती वर्षं काम केलं आणि शेवटचा पगार किती होता, हे तुम्हालाच दाखवावं लागेल."

खरी अडचण इथं आली. माझ्याकडे नेमणुकीचं पत्रच नव्हतं. आमच्या फाउंड्रीत ते कुणालाच मिळत नसे. घरी येऊन ट्रंक उपसली. पीएफचं पासबुक 2008 पासूनचं निघालं. पगाराच्या काही चिठ्ठ्या सापडल्या. आणि अगदी तळाशी, देवाच्या फोटोमागच्या पिशवीत, बायकोनं दवाखान्यासाठी जपून ठेवलेलं ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड मिळालं. त्यावर 2005 सालची तारीख आणि कारखान्याचं नाव होतं. कामाला लागलो 2003 मध्ये, पण त्या दोन वर्षांचा एक चिटोराही नाही. वकिलांनी प्रतिज्ञापत्र केलं, मी शपथेवर साक्ष दिली, कागद जोडले. साहेबांनी 18 वर्षं धरली. ती दोन वर्षं बुडाली, त्याचं मला अजून वाईट वाटतं. भट्टीसमोर घाम तर तेव्हाही तितकाच गाळला होता.

हिशेब असा झाला. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 13,000 रुपये. त्याला 26 नं भागलं की रोजचे 500. दर वर्षाचे 15 दिवस धरले की 7,500. अठरा वर्षांचे 1,35,000. पैसे कामावरून गेल्यापासून 30 दिवसांत द्यायचे असतात. ते दिले नाहीत म्हणून त्यापुढं दर साल 10 टक्के सरळ व्याज. सप्टेंबर 2024 मध्ये तसा आदेश निघाला.

आदेश निघाल्यावर मात्र मालकांचे वकील धावत आले. नोटीस मिळालीच नाही, प्रकरण पुन्हा ऐका, असा त्यांचा अर्ज. एकतर्फी आदेशावर तसा अर्ज 30 दिवसांत करता येतो, पण गैरहजेरीचं सबळ कारण दाखवावं लागतं. साहेबांनी फाइलमधली ती दोन पाकिटं काढून टेबलावर ठेवली. पत्ता बरोबर असताना रजिस्टर घ्यायचं नाकारलं, तर ते मिळालं असंच धरतात. अर्ज फेटाळला. त्या दिवशी मला पोस्टमनचे पाय धरावेसे वाटले.

पुढं अपिलाची वाट होती, पण मालकाला अपील करायचं तर ग्रॅच्युइटीची पूर्ण रक्कम आधी भरावी लागते. त्यांनी ना रक्कम भरली, ना अपील केलं. मलाही पैसे दिले नाहीत. म्हणजे आदेश हातात आणि खिसा रिकामा. पुन्हा अर्ज करून वसुलीचा दाखला काढला. तो जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. तिथून कागद तहसीलदार कचेरीत गेला. कारखान्यावर जप्तीची नोटीस लागली, तेव्हा कुठं जुलै 2025 च्या शेवटी डिमांड ड्राफ्ट आला. मुद्दल आणि दोन वर्षांचं व्याज मिळून 1,62,000.

ड्राफ्ट बँकेत भरला त्याच संध्याकाळी फाउंड्रीतल्या आमच्याच खात्यातले दोघं येळ्ळूरहून घरी आले. एकाच्या हातात पीएफचं पासबुक होतं. दुसऱ्याकडे काहीच नव्हतं. त्याला म्हटलं, "आधी घरी जा आणि वहिनींना ईएसआयचं कार्ड कुठं ठेवलंय ते विचार."