पाच सिलिंडरवर घरी

तीन दिवस पावसाची झड होती. चौथ्या दिवशी सकाळी गाडी सुरू केली आणि सीट थरथरू लागली. एरवी एका सुरात घुमणारं सहा सिलिंडरचं इंजिन चक्क लंगडत होतं. पुढच्या चौकात पोहोचेपर्यंत डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकला. ऑफिसला दांडी मारली, तिथूनच वळलो आणि अगदी दबक्या पावलांनी घरी परतलो.

हा दिवा नुसता पेटून राहिला तर गाडी सवडीने दाखवली तरी चालतं. लुकलुकला तर मात्र घाई करायची. एका सिलिंडरमध्ये ठिणगी पडत नाही, तिथलं पेट्रोल न जळता धुराच्या वाटेने पुढे जातं आणि धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं. त्याची आतली जाळी त्या आचेने वितळू शकते. मग प्लगला वीज पुरवणाऱ्या कॉइलच्या कितीतरी पट खर्च समोर उभा राहतो.

दोन दारांची, इंजिन सीटच्या मागे असलेली ही जुनी स्पोर्ट्‌स कार मी इकडे आल्यावर हौसेने घेतली. फोटो पाठवला तेव्हा आईचा पहिला प्रश्न होता, "आम्ही आलो तर बसायचं कुठे?" त्याचं उत्तर अजून माझ्याकडे नाही. गॅरेजला फोन केला तर तीन आठवड्यांनंतरची वेळ मिळाली, आणि मजुरीचा आकडा ऐकून तीसुद्धा नको वाटली. इकडे येण्याआधी पाना मी फक्त दुसऱ्याच्या हातात पाहिला होता. आता माझ्याकडे दोन पेट्या भरून आहेत.

बाबांना फोन लावला. त्यांची उमर स्कूटरवर गेली.

"मिसिंग मारतेय ना? प्लग काढ, बॉडीला टेकव आणि किक मार. निळी ठिणगी दिसली की समजायचं, करंट येतोय."

"बाबा, हिला किक नाही."

"मग सेल्फ मार!"

निदान बरोबर होतं, तपासायची रीत मात्र या गाडीला लावण्यासारखी नव्हती. स्कूटरची कॉइल एका बाजूला असायची आणि तिथून वायर प्लगपर्यंत यायची. माझ्या गाडीत प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल बसलेली आहे, म्हणजे एकूण सहा. बॅटरीच्या १२ व्होल्टचे ती २० ते ४० हजार व्होल्ट करते. आत तांब्याच्या तारेची दोन वेटोळी असतात : एक जाड तारेचं, थोड्या फेऱ्यांचं आणि दुसरं केसासारख्या बारीक तारेचं, हजारो फेऱ्यांचं. पहिल्यातला प्रवाह झटक्यात तोडला की चुंबकीय क्षेत्र कोसळतं आणि दुसऱ्यात विजेचा प्रचंड दाब तयार होतो. फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलेलंच हे तत्त्व. प्लग नीट टेकला नाही तर तो दाब वाट मिळेल तिथून निघतो, कॉइल चालवणाऱ्या सर्किटमधून किंवा माझ्या हातातून. दोन्ही मला परवडणारे नव्हते.

या कॉइलला काम किती असतं, याचा हिशोब मी त्या रात्री मांडला. इंजिनाच्या दोन फेऱ्यांना प्रत्येक सिलिंडरमध्ये एक ठिणगी. मिनिटाला ६००० फेऱ्या असतील तर सेकंदाला ५० ठिणग्या. सरासरी ताशी ५० किलोमीटर वेग आणि २००० फेऱ्या धरल्या, तर एक लाख किलोमीटरमध्ये एकेका कॉइलने १२ कोटी ठिणग्या पाडलेल्या असतात. माझा तिच्यावरचा राग तिथेच निम्मा झाला.

स्टिअरिंगखालच्या सॉकेटला बिघाडाचा कोड वाचणारा स्कॅनर लावला. कोड आला पी-०३०४, चौथ्या सिलिंडरमध्ये मिसफायर. पण कोड फक्त सिलिंडर सांगतो. प्लग, कॉइल, पेट्रोल फवारणारा इंजेक्टर, दोषी यातलं काहीही असू शकतं. इथे घाईने नवा पार्ट मागवणं म्हणजे अंदाजपंचे पैसे घालणं. त्याऐवजी चौथी कॉइल पाचव्यावर लावायची, पाचवी चौथ्यावर, आणि कोड मागोमाग येतो का ते पाहायचं.

म्हणायला ही अदलाबदल, पण माझ्या इंजिनात सिलिंडर आडवे झोपलेले. कॉइल खाली, चाकाच्या आतल्या बाजूला, एक्झॉस्टच्या शेजारी. इंजिन पूर्ण थंड होऊ दिलं, चाकाचे बोल्ट जमिनीवर असतानाच सैल केले, मग जॅक, मग आधाराला घोडी. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही, याबाबतीत मी भित्रा आहे आणि भित्राच राहणार. कनेक्टरचं प्लॅस्टिक वर्षानुवर्षं भाजून बिस्किटासारखं झालेलं. तो सरळ ओढला तर खटका तुटतो. आधी किंचित आत ढकलायचा, खटका दाबायचा, मग हलकेच बाहेर. हे मला कळलं तेव्हा अर्धा खटका माझ्या बोटांत होता.

पहिला बोल्ट सुटला. दुसऱ्याच्या सहाकोनी खाचेत इतकी माती बसली होती की अॅलन की वरवरच अडकली आणि जोर देताच घसरली. अजून एक झटका दिला असता तर खाच गोल झाली असती आणि खरंच टोइंगवाला बोलवावा लागला असता. थांबलो. दाभणाने खाच कोरून काढली, अॅलन की हातोडीने हलकेच आत ठोकली, आणि मग 'टक्‌' असा आवाज आला. बोल्ट सुटल्याचा तो आवाज ज्याने ऐकलाय त्याला त्यातलं सुख वेगळं सांगायला नको.

अदलाबदल करून इंजिन सुरू केलं. पी-०३०५. बिघाड कॉइलबरोबर पाचव्यावर गेला होता.

ती कॉइल पुन्हा काढून उजेडात धरली. सुरुवातीला काहीच दिसेना. बोटाने फिरवत गेलो तेव्हा काळ्या कवचावर नख अडकलं. एक बारीक, उभा तडा. रोज एक्झॉस्टशेजारी तापायचं आणि पावसात चाकाचं पाणी अंगावर घ्यायचं, प्लॅस्टिक किती दिवस टिकणार? तड्यातून ओल आत जाते आणि वीज प्लगच्या फटीतून उडी मारण्याऐवजी जवळच्या धातूत उतरते. मागच्या पावसाळी सकाळीही गाडी दोन मिनिटं लंगडली होती आणि तापल्यावर सुधारली होती, त्याचाही उलगडा झाला. ओल सुकली होती, एवढंच.

नवी कॉइल बसवायला वीस मिनिटंही लागली नाहीत. प्लगही नवा घातला, आधी हाताने फिरवत, कारण अॅल्युमिनियमचे आटे एकदा गेले की गेले. कॉइलच्या रबरी टोपीत आतून थोडं सिलिकॉन ग्रीस, दोन्ही बोल्ट टॉर्क पान्याने बेताचे आवळले, कोड पुसला. इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं आणि सीट गप्प.

संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर बाबांना जुनी कॉइल दाखवली. ते चष्मा कपाळावर सरकवून स्क्रीनला नाक लावून बघत होते.

"एवढ्याशा चिरेसाठी?"

"हो ना."

"आणि बाकीच्या पाच?"

मी गप्प. चाक परत चढवून झालं होतं, पाने पेटीत गेले होते. दुसऱ्या दिवशी सगळं पुन्हा उघडलं. सहाव्या सिलिंडरच्या कॉइलवरही नख अडकलं. दुसऱ्या बाजूच्या तीन पुढच्या शनिवारी बघेन, तोवर आकाशाकडे लक्ष ठेवून आहे.