मतलईची वाट

मला एसटी लागते. तरीही मित्राच्या काकांनी "मुंबई ते गोवा, शिडावर. येतोस?" म्हणून विचारलं तेव्हा मी बेधडक हो म्हणालो. काका नौदलातून निवृत्त, बोट ३६ फुटी, माणसं तीन, महिना मार्च. अंतर सव्वादोनशे सागरी मैलांच्या आसपास. ५ नॉट्सचा, म्हणजे ताशी ५ सागरी मैलांचा, वेग धरला तर दोन रात्री समुद्रावर.

दुपारी १२ वाजता गेटवेसमोरून निघालो. प्राँग्जचं दीपगृह मागे पडेपर्यंत वायव्येचा वारा चांगला भरला आणि उजव्या कुशीमागून बोटीला ढकलू लागला. शाळेत 'खारे वारे, मतलई वारे' दोन मार्कांसाठी पाठ केले होते. आज त्यांच्यावर पोट अवलंबून होतं. खांदेरी डावीकडे गेली तेव्हा मी सुकाणू धरून फोटोसुद्धा काढून घेतले.

रात्री ९ च्या सुमारास वारा पडला. लाटा मात्र तशाच. अरबस्तानाकडच्या शमाल वाऱ्यांनी उठवलेल्या लाटा थंडीच्या दिवसांत आपल्या किनाऱ्यापर्यंत पोहोचतात, मार्चमध्येही त्या असतातच. शिडात वारा असला की बोट एका अंगावर रेलून स्थिर चालते. वारा गेला की लाट येईल तशी ती लोळते. बूम, म्हणजे शिडाखालचा आडवा दांडा, डावीकडे धाड्, उजवीकडे धाड्. खाली कपाटात एक चमचा इकडून तिकडे घरंगळत होता. तो शोधून काढायला मी वाकलो आणि बोट लागली. कठड्याला कंबरेचा पट्टा अडकवून तासभर तिथेच होतो. मित्राने आलेपाकाची वडी तोंडात कोंबली.

"काका, इंजिन लावायचं?"

"डिझेल मांडवीच्या तोंडाशी लागेल. थांब जरा, मतलई येईल."

आम्ही किनाऱ्यापासून वीसेक मैल बाहेर होतो. जमीन दिसत नव्हती. २ वाजून गेल्यावर आधी वास आला. जळलेला पाला, शेण, तापलेली माती. "राब भाजतायत," काका म्हणाले. रायगडातल्या कुणाच्या तरी शेतातला धूर आमच्यापर्यंत आला होता. मग डावा कान गार पडला, शिडाची फडफड थांबली, चमचाही थांबला. जमिनीवरून येणाऱ्या वाऱ्याला मोठी लाट उठवायला फारसं अंतर मिळालेलं नसतं, त्यामुळे बोट ६ नॉट्सनी सुतासारखी सरळ निघाली. त्या चार तासांसाठी मी पुन्हा जाईन. बाकीच्याचं नक्की सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी रत्नागिरीच्या बाहेर समुद्राची चालच बदलली. नैऋत्येकडून लांब, गुळगुळीत लाटा येऊ लागल्या. काकांनी घड्याळ लावून मोजलं, दोन माथ्यांमध्ये १५ सेकंद. "या इथल्या नाहीत. पार दक्षिणेत वादळ झालं असणार." हैदराबादच्या 'इन्कॉइस' या सागरी माहिती केंद्राचा समुद्रस्थितीचा अंदाज ते निघण्याआधी बघतात आणि उंचीपेक्षा या सेकंदांकडे जास्त लक्ष देतात. नुसत्या त्या लाटा असत्या तर पाळण्यासारखं वाटलं असतं. पण दुपारी वायव्येचा वारा २० नॉट्सच्या वर गेला आणि समोरच्या लांब लाटेवर मागून आखूड, चिडक्या लाटा चढू लागल्या. शीड एक घडी कमी केलं, तरी सुकाणू हातात राहीना. एका लाटेने बोटीचा मागचा भाग उचलून फिरवला, मी उलटीकडे वळवलं, आणि बूम आमच्या डोक्यांवरून सणसणत पलीकडे गेली. एक कप्पी तुटली. डोकी वाचली ती काकांनी सकाळीच "खाली बसूनच राहा" म्हणून दम दिला होता म्हणून.

काका काही बोलले नाहीत. सुकाणू घेतलं आणि म्हणाले, "चहा टाक." त्या हलत्या स्टोव्हवर चहा करणं ही शिक्षाच होती. अर्धा सांडला.

दुसरी रात्र पहिलीसारखीच. फरक एवढाच की चमचा आधीच फडक्यात गुंडाळला होता. पहाटे वेंगुर्ल्याच्या खडकांवरचं दीपगृह दिसलं. मांडवीच्या मुखाशी वाळूचा दांडा आहे, म्हणून आग्वादजवळ नांगर टाकून भरतीची वाट बघितली आणि संध्याकाळी पणजीला लागलो.

परतीला रात्रीची बस धरली. कणकवली यायच्या आतच ती लागली. मित्राने न बोलता खिशातून आलेपाक काढला.