साक्षगंधाला पोर्तुगीज जेवण, गावातल्या बारा खुर्च्यांसाठी

पोर्तुगीज जेवण म्हटलं की डोळ्यांपुढे गोवा आणि मासे येतात. यवतमाळ-अमरावतीकडच्या गावात, साक्षगंध किंवा लग्नाच्या वाढदिवसासाठी आधी सांगितल्यावरच उघडणारं बारा खुर्च्यांचं छोटं हॉटेल चालवायचं असेल, तर मासे यादीतून आधी काढा. बाकल्याव, म्हणजे खारवलेला कॉड, पाणी बदलत एक-दोन दिवस भिजवावा लागतो. तो मिळवण्यातच जीव जातो. त्यापेक्षा आलेन्तेजुकडे बघा. पोर्तुगालच्या दक्षिणेचा हा उन्हाने तापणारा, गव्हाचा सपाट मुलूख. तिथल्या स्वयंपाकाची सगळी भिस्त पाव, लसूण आणि हिरव्या सांभारावर, म्हणजे कोथिंबिरीवर, आहे. तिन्ही आपल्याकडची रोजची.

सुरुवात आसोर्दाने करा, म्हणजे लसूण-सांभाराच्या रश्शात भिजवलेला पाव आणि वर अंडं. बारा छोट्या वाट्यांसाठी सांभार दीडशे ग्रॅम (कोवळ्या काड्यांसकट), गावरान लसणाच्या सोळा-अठरा पाकळ्या, खडे मीठ पंचवीस ग्रॅम, ऑलिव्ह तेल १२० मिली, पाणी तीन लिटर, शिळा पाव ६०० ग्रॅम आणि बारा अंडी. लसूण, मीठ, सांभार खलबत्त्यातच कुटा. मिक्सरमध्ये सांभार काळपट पडतो, आणि पात्याखाली ऑलिव्ह तेल गेलं की कडू होतं, म्हणून तेल शेवटी हाताने कालवा. अंडी साध्या पाण्यात पोच करा, म्हणजे फोडून गरम पाण्यात अलगद सोडून शिजवा. पाणी खळखळू देऊ नका, तळाशी बारीक बुडबुडे दिसले की पुरे. सहा-सहाचे दोन घाणे, प्रत्येकी तीन मिनिटं. आठवडाभर पडलेल्या अंड्याचा पांढरा भाग पाण्यात पसरून चिंध्या होतात. अंड्याचं तेच गरम पाणी कुटलेल्या वाटणावर ओता, हाच रस्सा.

घोळ होतो तो पावाचा. बेकरीतला लादी पाव गोडसर आणि मऊ असतो, रस्सा पडताच त्याचा गिचका होतो. जाड सालीचा पाव घरीच भाजा: मैदा ७०० ग्रॅम, कणिक ३००, पाणी ६५० मिली, मीठ २० ग्रॅम, ड्राय यीस्ट तीन ग्रॅम. मे महिन्यात यीस्ट एका ग्रॅमवर आणा, पाणी फ्रिजमधलं घ्या, नाहीतर पहाटेपर्यंत पीठ आंबून बसकण मारतं. २३० अंशांवर तापवलेल्या जाड झाकणाच्या भांड्यात अर्धा तास, मग झाकण काढून पंधरा मिनिटं. दुसऱ्या दिवशी हाताने तोडा, सुरीने कापू नका. खडबडीत कडा रस्सा जास्त पितात. रोडगा वरणात कुस्करतो तसा हा कुस्करायचा नाही. वाटीत पाव, वर अंडं, आणि रस्सा किटलीतून पाहुण्यांसमोर ओतायचा. आधुनिक मांडणी म्हणून एवढं पुरे. सांभाराचा तो पहिला वाफाळ वास टेबलावरच सुटला पाहिजे.

मुख्य ताट शान्फानाचं. कोइंब्राजवळच्या डोंगराळ गावांत म्हातारी बकरी रेड वाइनमध्ये, काळ्या मातीच्या भांड्यात तासन् तास शिजवतात. हाडासकट तीन किलो मटण, दीड लिटर वाइन, लसणाचे दोन गड्डे, बे लीफ, मिरी, काश्मिरी तिखट दोन मोठे चमचे, मीठ पस्तीस ग्रॅम, ऑलिव्ह तेल १०० मिली, रात्रभर मुरवा. आपला तेजपत्ता दालचिनीसारखा वास देतो आणि त्याच्या पानावर तीन शिरा असतात. इथे लागतो तो एका मधल्या शिरेचा बे लीफ. भिवापुरी मिरची घालू नका, तिखटपणाखाली वाइन मरते. सावजीची जीभ असलेल्यांसाठी पिरी-पिरीचं, म्हणजे बारीक तिखट मिरचीचं, तेल बाजूला ठेवा.

खाटकाला मुद्दाम जून बकरी मागा. कोवळं बोकड दीड तासात हाडावरून सुटतं आणि रस्सा पाण्यासारखा राहतो. दाटपणा जून मांसाच्या शिरांतून येतो, त्याला १६० अंशांवर चार तास हवेत. मटण बुडालेलंच राहू द्या, वर आलेला तुकडा करपतो. वाइन आटली तर कोमट करून भर घाला. गार ओतली की मडकं तडकतं. नवं मडकं आदल्या दिवशी पाण्यात बुडवून ठेवा. लाइनचा भरवसा नसेल तर बेकरीची लाकडाची भट्टी पाव निघाल्यावर मागून घ्या, उरलेली धग नेमकी कामाची. एक दिवस आधी केलेलं जास्त चांगलं लागतं, सोबत फक्त उकडलेले आलू.

वर्ध्यात १९७४ पासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. तिथे हा पदार्थ करू नका, द्राक्षाचा रस घालून त्याला शान्फाना म्हणू तर नकाच. आलेन्तेजुसारखं कांदा, लसूण आणि थोड्या व्हिनेगरात मटण शिजवून पावाच्या कापांवर वाढा.

गोडाला सगळे पास्तेल द नाता, म्हणजे कस्टर्ड भरलेली खुसखुशीत वाटी, मागतील. त्याला २५० अंशांच्या वरची धग लागते. घरगुती ओव्हनमध्ये वर डाग पडत नाहीत आणि तळ ओला राहतो. संत्र्याची तोर्ता, म्हणजे गुंडाळलेला मऊ केक, करा: टरफलाशिवाय ३५० ग्रॅम अंडी, साखर ३००, संत्र्याचा रस १५० मिली, दोन संत्र्यांची किसलेली साल, कॉर्नफ्लोअर वीस ग्रॅम. संत्रं फार गोड असेल तर चमचाभर लिंबू. कागद लावलेल्या ट्रेमध्ये १८० अंशांवर वीस मिनिटं, मधे बोट टेकवलं तर किंचित हलली पाहिजे. साखर भुरभुरलेल्या कापडावर उलटी करून गरम असतानाच गुंडाळा. गार झाल्यावर गुंडाळली तर तडा जातोच.